अंड्यांचा हिशोब

गुरुवारी दुपारी अंडीवाल्याचा फोन आला:
सोमवारपासून निम्मीच का सांगितलीत?
मी नव्हती सांगितली.
वरून कुणीतरी परस्पर सांगितली होती.
फोन ठेवला, एप्रनला हात पुसले,
आणि डब्लिनच्या त्या काचेच्या इमारतीत
सातही मजल्यांच्या आधी
तळघरातल्या भटारखान्याला कळलं.

मी फिनूला. अकरा वर्षं इथं नाश्ता करते,
त्याआधी हॉस्पिटलात. तिथंही असंच:
पेजेचा एक वाडगा कमी मागवला
की ओळखायचं, रात्री खाट रिकामी झाली.

शुक्रवारी सगळे आले. ओलेकच्च, हसत,
हेल्मेट काखेत.
कुणाला सांगणार? आणि काय,
तुमच्यातल्या निम्म्यांची अंडी बंद झालीत?
प्रत्येकाला एक जास्त वाढलं.
वॉयटेक कुजबुजला, पुरायची नाहीत.
म्हटलं, पुरवू.

ओशीन आला, मश्रूम नको म्हणणारा.
भिंतीवरची ती पाटी त्याचीच.
उद्या किती जण जेवतील ते आदल्या संध्याकाळी सांगते,
हवा बघते, सुट्ट्या बघते,
उष्ट्याच्या डब्याचंसुद्धा वजन करते.
पहिल्या आठवड्यात ती सपशेल चुकली, तेव्हा
आकडा जुळेपर्यंत तो इथंच बसून होता
पिठाच्या पोत्यावर, शिळा स्कोन चघळत.
त्यालाही दोन वाढली.
आज काय विशेष?
शुक्रवार आहे, म्हटलं.

भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये,
ज्याला चहासुद्धा करता येत नाही त्यालाही हे कळतं.
उठवलं नाहीच कुणाला.
शनिवारी रात्री, जेवणं उरकल्यावर, मेल गेले.

सोमवारी पाटीवर ८६४.
तिला कुणी सांगितलंच नव्हतं.
ज्यांनी सांगायचं, तेच नव्हते.
आले चारशे नऊ.
एरवी घोळक्यानं बसणारे,
आता एका टेबलाला एक, पाठ भिंतीला लावून,
जणू मागून कुणी खुर्ची ओढील.

मंगळवारी ८१०. बुधवारी ७५२.
वॉयटेक म्हणाला, बंद करू या का हिला?
मी नको म्हटलं.
एवढ्या मोठ्या इमारतीत तीच एक
अजून त्यांची वाट बघत होती.

मग एकदा ओशीन दिसला, कालव्याच्या कठड्याशी.
टेबलावर राहिलेला मग न्यायला आला होता म्हणे,
कार्ड लागत नाही हे ठाऊक असून.
मी मागच्या दारानं गेले, एप्रनसकट.
त्यानं विचारलं, आकडा बरोबर येतोय?
नाही, म्हटलं.
तर बरं वाटल्यासारखा हसला.
म्हणाला, येईल. दोन-तीन आठवडे द्या तिला.

वरच्यांना मी फार बोलले त्या दिवसांत. मनात.
यादी करताना चेहरे आठवले असतील का यांना,
की नुसतेच रकाने?

काल मला वर बोलावलं.
चहा दिला, बिस्किटांचा नवा पुडा फोडला.
चारशेंसाठी नऊ माणसं जास्त होतात, फिनूला.
पाच पुरतील. तूच ठरव,
तुला तुझी माणसं माहीत.

वॉयटेकचं बाळ मार्चमधलं.
जनाइनाचा व्हिसा माझ्या सहीच्या पत्रावर.
म्हातारा डेक्लन, चाळीस वर्षं कांदा चिरून
अजून रडतो, आणि त्याची आम्ही चेष्टा करतो.

रात्रभर लिहिलं, खोडलं.
पहाटे साडेपाचला येऊन दिवा लावला.
पाटीवर ४१२.
शिकली.

अंडी फोडायला घेतली आहेत.
कागद खिशात आहे. त्यावर अजून एकच नाव,
माझं,
आणि तेही पेन्सिलीनं.